मेव्हण्याचं स्फुरद

परभणी जिल्ह्यातल्या साऱ्या कुत्र्यांनी मिळून एका माणसाशी वैर धरलं असंल, तर ते माझ्या बायकोच्या धाकट्या भावाशी. त्यांच्या तोंडचं हाड हा पळवायचा. कंदुरी कुठंबी असो, दर्ग्यापुढं बकऱ्याचं जेवण उठायला लागलं की हा डालगं घेऊन पंगतीतून फिरणार. "पाव्हणं, चोखा, पण चावू नका," असा वर दम देणार. खताच्या दुकानात त्यानं एकदा स्फुरद, म्हंजे फॉस्फरस, हा शब्द ऐकला, तेव्हापासून त्याला जगात दुसरं काही दिसंनाच. हाडात स्फुरद, शेणात स्फुरद, माणसाच्या मुतात स्फुरद. पाव्हणा लोटा घेऊन निघाला की हा हात धरून त्याला आपल्याच रानात नेऊन बसवायचा. मातीतलं ज्वारीत जातं, ज्वारीतलं आपल्या हाडात येतं, ते परत मातीला द्यायचं. न्हाई तर पाणी ते गोदावरीत नेतं अन् गोदावरी समुद्रात, तिथून कुणाचं काय परत आलंय, असं त्याचं म्हणणं. दुष्काळात मेलेल्या ढोरांची हाडं एक व्यापारी रेल्वेनं पाठवायला लागला, तर हा टेशनात जाऊन डब्याच्या दारात आडवा पडला. "आमची माती चाललीय!" म्हणून बोंबलला. हमालांनी उचलून बाजूला ठेवला.

माझ्या घरी तर कहरच. भाजलेली हाडं त्यानं हिच्या मिरचीच्या उखळात कुटली. ही मुसळ घेऊनच धावली.

"मुडद्या, उखळ बाटवलंस! आता तुझ्या दाजीला काय हाडाचं तिखट घालू?"

"घाल की आक्का. लय ताकद येईल दाजीला."

उखळ हिनं घासून घासून धुतलं. पण ती भुकटी गुपचूप आडाजवळच्या आपल्या शेवग्याला घातली. मी बघितलं.

मागच्या उन्हाळ्यात ही गेली. राख सावडली, मडकं गंगाखेडला गोदावरीत सोडायचं ठरलं. मला धाकधूक, हा आता भावकीपुढं तोंड उघडणार अन् मार खाणार. खरं सांगायचं तर, उघडावं असंच वाटत होतं. तिला पाण्यात सोडायचं मला सोसवंना. मडकं यानंच मांडीवर घेतलं. एसटीत सारा रस्ता गप. पाण्यात उभं राहिल्यावरबी गप. शेवटी मीच म्हणालो, "बोल की रे. तुझ्या आक्काचं स्फुरद चाललंय."

"तिच्यावर तुमचा हक्क, दाजी," एवढं म्हणाला अन् लेकरागत रडला.

मी अर्धंच मडकं सोडलं. उरलेलं शेवग्याच्या बुडाला घातलं. भावकी कुरकुरली. कुरकुरू द्या. बायको माझी गेली, भावकीची न्हाई.

यंदा शेवगा शेंगांनी वाकलाय. परवा हा आला. मी आमटी केली, जमली तशी. मीठ कमी होतं, तरी त्यानं वाटी चाटून पुसली. जेवण झाल्यावर त्यानं दोघांच्या ताटातला चावलेल्या शेंगांचा चोथा गोळा केला, आडाजवळ गेला, बुडाशी माती उकरून पुरला. मग बराच वेळ मातीवर हात ठेवून तसाच बसला.

मी हाक मारली न्हाई.