गिलांची लेक

इकडे परदेशात, ओटाहुहूत, आमच्या घरामागे सरदारजींचं छोटं गॅरेज होतं. नवं पंजाबी गिऱ्हाईक आलं की ते फडक्याला हात पुसत आधी विचारायचे, "गोत क्या है, पुत्तर?" संधू किंवा ढिल्लों असं उत्तर आलं की त्या कुळाची गावं भजन म्हटल्यासारखी म्हणायचे. ते ऐकायला मी मुद्दाम तिथे रेंगाळायचो.

आमची सून पंजाबी. तिनं "गिल" सांगितलं तेव्हा ते केवढ्यांदा हसले. "मैं भी गिल! तू तो अपनी बेटी निकली!"

त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडचा चहा सोडला. पाणीसुद्धा घेईनात. मी समजलो, यांना आमची जात कळली. लहानपणी गावच्या विहिरीवर जे सोसलं, ते मी विसरलो नव्हतो. रविवारी विहारात मी सगळ्यांना तसं सांगितलं. हळूहळू आपल्या लोकांनी, म्हणजे त्यांच्या निम्म्याअधिक गिऱ्हाइकांनी, त्यांच्याकडे गाड्या नेणं बंद केलं.

नात झाली तेव्हा ते बाळंतविडा घेऊन दारात उभे राहिले. सुनेचे वडील हयात नाहीत. मी तिरकसपणे म्हणालो, "आज तो पानी लीजिए."

त्यांनी कानाला हात लावले. "भाईसाब, गिलों की बेटी का घर है. बेटी के घर का पानी कैसे पिऊँ?"

पुढच्या रविवारी विहारात उभं राहून मी चूक कबूल केली. "जाऊ द्या काका," पोरं म्हणाली. तोवर गॅरेज बंद पडलं होतं.

"आजकल सबकी गाड़ियाँ नई हैं," सरदारजी अजूनही मला समजावतात. मी मान हलवतो.