पुढच्या मार्चपर्यंतची दृष्टी

दूरदृष्टीचा माणूस शंभर वर्षांतून एकदा जन्माला येतो, आणि तो नेमका आमच्या घरात जावई म्हणून आला. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्यांची दृष्टी बरोबर पुढच्या मार्चपर्यंत पोचते. विक्रोळीच्या एका कारखान्यात फोरमन म्हणून ते निवृत्त झाले ते त्याच कंपनीचे शेअर घेऊन. शेअरचा आजचा भाव त्यांच्या लेखी क्षुद्र. "अरे, कंपनी पुढच्या वर्षी शेअरमागे किती कमावणार ते काढ, त्याची वीसपट कर. तो खरा भाव. बाजाराला काय कळतंय?" हे त्यांनी मला लग्नाच्या पंगतीत ऐकवलंय, स्मशानातल्या बाकावर ऐकवलंय, आणि दाढ काढल्यामुळे मला उलट बोलता येत नव्हतं त्या दिवशी तर दोनदा.

ही पुढची कमाई काढायची पद्धत त्यांची स्वतःची. कारखान्याच्या गेटसमोर चहा घेत बसायचं आणि कँटीनवाल्याला आत वडे किती गेले ते विचारायचं. वडे वाढले म्हणजे ओव्हरटाइम, ओव्हरटाइम म्हणजे नफा. एकदा वडे दुप्पट झाले, तसा भावोजींनी अंदाज तडक चढवला. मागाहून कळलं, आत संप मिटवायची बैठक तीन दिवस चालली होती. "अंदाज बरोबर होता," ते म्हणाले, "मार्च चुकला."

ताईचे गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेअर विकून तळमजल्यावर घर घ्यायचं ठरलं, त्याला चार मार्च उलटले. भाव अंदाजाला टेकला की भावोजी अंदाज वर सरकवत. मी भांडलो, की "घाईत माणूस फसतो रे."

एका रविवारी ताईने त्यांच्यापुढे कागद ठेवला. "अहो, गेल्या वर्षी मी दिवसातून दोनदा खाली उतरायचे. यंदा आठवड्यातून एकदा. काढा आता पुढच्या वर्षीचं."

भावोजींनी चष्मा लावला. आकडा काढायला वेळ लागला नाही. तो लिहायला मात्र वेळ लागत होता. शेवटी पेन्सिल तशीच खाली ठेवून ते तिच्या पायांकडे बघत बसले. सोमवारी त्यांनी सगळे शेअर विकले, आजच्या भावाने.

आता दोघं कांजूरमार्गला तळमजल्यावर राहतात. वारा फिरला की जवळच्या कचरा डेपोचा वास येतो. ताई रोज संध्याकाळी फिरायला जाते. भावोजी जात नाहीत. बाहेर वास जास्त येतो म्हणतात.