सायकलवरून न उतरता

बालाघाटहून सकाळी निघालो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की मला माझ्याच सायकलचं पुढचं चाक तेवढं दिसत होतं. साठच्या दशकातली ती दिवाळीची सुटी. माझा शाळासोबती दत्तू तिथे रेल्वेच्या कचेरीत होता, आणि त्याचीच सायकल घेऊन मी तिरोडीकडे निघालो होतो. "मँगनीजची खाण बघायला कोण जातं रे सुटीत?" असं त्याने रात्री मला विचारलं होतं. मला खाण बघायची नव्हतीच. मला रस्ता बघायचा होता. पुण्यात सायकल म्हणजे शाळा, भाजी आणि रॉकेल. नुसतं जाण्यासाठी जाणं मी पार विसरलो होतो.

वैनगंगा ओलांडली आणि दोन्ही बाजूंना बांध्या (भाताची खाचरं) सुरू झाल्या. धान पिकून पिवळं झालं होतं आणि त्याचा वास धुक्यात मुरला होता. या रस्त्यावर माणूस दिसायच्या आधी त्याची घंटी ऐकू यायची. दोनदा टिणटिण, मग एक सावली, मग मुंडासं, मग प्रश्न. "राम राम. कुठून येऊन राह्यले? कुठं चालले?"

पहिल्या दोघांना मी नीट उत्तर दिलं. पाचव्याला नुसती मान हलवली. आठव्याला म्हणालो, "असाच." तो बिचारा एक पाय जमिनीवर टेकून थांबला, मागे वळला आणि ओरडून विचारता झाला, "असाच म्हंजे कुठं?" पुणेरी माणसाला कुणी इतकी चौकशी केली की त्याचं डोकं फिरतं. मी पायडल जोरात मारलं आणि धुक्यात शिरलो.

वारासिवनीत ऊन वर आलं. गिरण्यांतून नव्या तांदळाचा ऊबदार वास येत होता. चहाच्या टपरीवर बसलो आणि टपरीवाल्याजवळ या चौकशांची तक्रार केली. तो माझ्याकडे जरा कीव केल्यासारखा बघत राहिला.

"गुरुजी, पुढं जंगल हाय," तो म्हणाला. मी शिक्षक आहे हे त्याने तोवर काढून घेतलंच होतं. "सांजेले एखादा घरी नाई पोचला तर घरचे रस्त्यावर येऊन विचारतेत, कोनी पाह्यला का? मंग ज्याले भेटला तो सांगते, हौ, नाल्यापाशी पाह्यलता, कटंगीले चाललो म्हने. तुमी कुठं चालले तेच नाई सांगितलं, तर तुमाले कोन शोधन?"

सकाळपासून मला आठ माणसांनी जपून ठेवायचा प्रयत्न केला होता आणि मी त्यांच्यावर चिडलो होतो.

"आन आजून एक," कपात चहा ओतता ओतता तो म्हणाला. "बुढा मानूस समोर दिसला का उतरून राम राम कराचा. वरूनच नाई. इकडं तसंच हाय."

हे दोन्ही धडे मी चांगल्या विद्यार्थ्यासारखे पाठ केले. वारासिवनी सोडल्यावर मी स्वतःच आधी घंटी वाजवू लागलो. दुधाचे डबे लावलेले, सरपणाचा भारा बांधलेले, बायकोला मागे बसवून माहेरी निघालेले, सगळ्यांना मी सांगत सुटलो की मी पुण्याचा, बालाघाटहून आलो आणि तिरोडीला चाललो. म्हातारा दिसला की टुणकन उतरायचो. सागाच्या पानांतून ऊन गळत होतं, रस्ता लाल होता, आणि पुढच्या वळणापलीकडे कुणीतरी आपली विचारपूस करणार आहे, या कल्पनेनेच मला सुख वाटत होतं. झोपेत चालावं तसा मी कटंगीच्याही पुढे गेलो.

तिथे एका मोहाच्या झाडाखाली एक माणूस सायकल उभी करून हँडलवरची घंटी घट्ट करत होता. चाळिशीचा, काटक, अंगात खाणीतल्या धुळीने काळपट झालेला खाकी शर्ट. मी दोनदा टिणटिण केलं.

"जय भीम," तो म्हणाला. "कुठून येऊन राह्यले?"

मी सगळं सांगितलं. त्याचं नाव सुखदेव. तिरोडीच्या खाणीत कामाला, आणि गाव इथून पुढे रस्त्याला लागूनच असलेला एक टोला (वस्ती). आज त्याची सुटी होती आणि तो पहाटेच निघून वारासिवनीला जाऊन आला होता, फक्त या घंटीसाठी.

"जुनी बिघडली?"

"जुनी नवतीच. मले घंटीचं काम नवतं." पेचकस खिशात टाकून तो म्हणाला, "आज काम हाय."

आम्ही बरोबरीने निघालो, आणि त्याने सावकाश, पुढ्यातल्या रस्त्याकडे बघत, सांगितलं. त्याच्या घराकडे जायची वाट पटेलांच्या (गावप्रमुखाच्या) ओसरीसमोरून जाते. त्याचा बाप तिथून जाताना वहाणा काढून हातात घ्यायचा. सुखदेवने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, मग खाणीच्या पगारातून सायकल घेतली, आणि पहिल्याच दिवशी पेच पडला. पटेलांसमोर उतरायचं नाही हे त्याने ठरवलं होतं. पण वर बसून जायची छाती होईना. तेव्हापासून तो अलीकडेच रस्ता सोडायचा, सायकल खांद्यावर घ्यायचा आणि धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) गावाला वळसा घालून घरी जायचा. रोज, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातूनसुद्धा.

"धा वर्सं होत आली," तो म्हणाला. "उतरलो नाई. पन बसूनबी गेलो नाई. परवा पोरगी म्हनते, बाबा, सायकल तुमच्यासाठी हाय का तुमी सायकलसाठी?"

"मग आज?"

"आज सरळ जातो. दोनदा घंटी, जय भीम, आन पुढं." त्याने घंटीवर अंगठा ठेवून पाहिला. "तुमी संगं हाय तं बरं वाटते. आज रातच्याले आमच्याच घरी राहा."

टोल्याच्या तोंडाशी वाट अरुंद झाली. दोन्हीकडे कुडाच्या भिंती, मधून एकच सायकल जाईल एवढी जागा. "पाव्हणे, तुमी पुढं व्हा," सुखदेव म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. मी पुढे झालो.

ओसरीवर पटेल बसले होते. पांढऱ्या मिशा, गोरा सुरकुतलेला चेहरा, मांडीवर पानाचा डबा. मला पाहून ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, "राम राम, पाव्हणे. कुठून येऊन राह्यले?"

आणि मी उतरलो.

ते कसं झालं हे मी आजवर स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला सगळं माहीत होतं. पण म्हातारा माणूस दिसला, गोड बोलला, आणि पाय आपोआप खाली आला. माझ्यामागे सुखदेवला करकचून ब्रेक दाबावा लागला. त्याचा एक पाय जमिनीला टेकला, आणि पुढचं सगळं त्याच्या बापाच्या सवयीने केलं. मी वळून पाहिलं तेव्हा तो सायकलशेजारी उभा होता, मान खाली, अंगठा घंटीवर. घंटी वाजली नव्हती.

पटेलांनी मला पुण्याची हवा विचारली, नोकरी विचारली, घरात हाक मारून मला पाणी दिलं. तो सगळा वेळ सुखदेव तसाच उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. ते पाणी घशाखाली उतरवताना मला स्वतःची लाज वाटली.

घरी शांता, त्याची मॅट्रिकला असलेली मुलगी, दारातच होती. "सरळ आले ना बाबा?"

"आलो," सुखदेव म्हणाला. "पन उतरलो."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी आधी उतरलो."

शांताने मला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमचं उतरनं अलग, गुरुजी. बाबाचं अलग."

पुण्याला वीस वर्षं शिकवून मला जे कुणाला सांगता आलं नसतं, ते तिने एका ओळीत सांगितलं. संध्याकाळी भात आणि लाखोरीचं वरण (धान कापल्यावर त्याच बांधीत पिकणारी डाळ) आम्ही जेवलो. सुखदेव दोनच घास जेवला. खाणीची रेल्वे दूर कुठेतरी शिटी देत होती.

सकाळी पुन्हा तेच धुकं. त्याला खाणीवर जायचं होतं, मला परतायचं होतं. अंगणात सायकल पुसता पुसता तो म्हणाला, "आज मी पुढं. आन गुरुजी, उतरू नका."

"नाही उतरणार."

वाटेवर मला फक्त त्याची पाठ दिसत होती. मग धुक्यातून ओसरी आली आणि ओसरीवर दातण करत बसलेले पटेल. सुखदेवची पाठ ताठ झाली. टिणटिण. टिणटिण. "जय भीम, पटेल. तिरोडीले चाललो."

पटेलांचा हात तोंडाशी थांबला. मीही घंटी वाजवली आणि बसल्या बसल्याच राम राम केला. पाठीमागे काहीतरी येईल, शिवी, हाक, दगड, असं मला वाटत राहिलं. काहीच आलं नाही. चाकांचाच तेवढा आवाज होता.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर सुखदेव थांबला आणि पाय टेकला. खिशातून पेचकस काढून त्याने घट्ट असलेली घंटी पुन्हा घट्ट केली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघेही हसलो. मग त्याने घंटी वाजवली आणि तो धुक्यात गेला. तिरोडी पाहायची माझी राहिलीच.

पुण्यात हजारो सायकली आहेत आणि कुणी कुणाला विचारत नाही. मी आल्यावर चार दिवस समोरून येणाऱ्यांना दोनदा घंटी दिली. लोक बाजूला झाले आणि मला शिव्या दिल्या. मला उतरण्याची कधीच काही किंमत मोजावी लागली नव्हती, म्हणून तर मी इतक्या सहज उतरत आलो, हे मात्र तेव्हापासून मनातून जात नाही.

पुढच्या पावसाळ्यात शांताच्या अक्षरातलं पोस्टकार्ड आलं. बाबांनी सांगितलं तसं लिहिते, असं वर लिहून खाली एवढंच होतं: "धुऱ्यावरची वाट आता गवताने बुजली. पटेल जय भीम घेत नाही. पण परवा खाणीतून येताना मला रात्र झाली, तर तोच कंदील घेऊन ओसरीवर उभा होता. म्हणे, सुखदेव, आज उशीर काहून?"