शिवणीतले दोन इंच

वर्ध्याला आले तेव्हा 'फॅशन डिझायनर' असं छापलेली दोनशे कार्डं माझ्याजवळ होती. त्यातली एकशे नव्वद तरी अजून कपाटात पडून आहेत.

नवऱ्याची बदली पुलगावला झाली होती. घर आम्ही वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत भाड्याने घेतलं, कारण तो पॅसेंजरने रोज जाऊन येऊ शकत होता आणि मला वर्ध्यातल्या एका मुलींच्या कॉलेजात शिवण आणि कपड्यांचं डिझाइन शिकवायचं काम मिळालं होतं. नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तितक्या तासांचा पगार आणि दर जूनला नव्याने अर्ज. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल तो.

पहिली दोन वर्षं मी नाकाने कांदे सोलत होते, हे आधीच कबूल करून टाकते. मुंबईत एका एक्स्पोर्ट हाऊसमध्ये सहा वर्षं काढलेली बाई, तिला वाटायचं की आपण इथे उजेड घेऊन आलो. मुलींना शिवायला शिकवावं लागेल अशी तयारी करून मी गेले होते. पण निम्म्याहून अधिक मुली घरी शिवतच होत्या. जुना ब्लाऊज नव्या कापडावर पसरायचा, भोवतीने खडूची रेघ मारायची, गळा चार बोटं खाली घ्यायचा आणि कात्री चालवायची. झाला ब्लाऊज. आणि तो अंगाला बसायचासुद्धा, याचा मला फार राग यायचा.

मी खाकी कागदावर ड्राफ्ट काढायला लावले. छातीचा चौथा भाग, मुंढ्याची खोली, टक्सची जागा, सगळं आकड्यांत. मुली वर्गात निमूट ड्राफ्ट काढत आणि घरी जाऊन पुन्हा जुना ब्लाऊज पसरत. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचे. माझा घडा कोणत्या बाजूने होता ते तेव्हा मी तपासलं नव्हतं.

सगळ्यात जास्त वाद व्हायचा तो शिवणीच्या आत उरणाऱ्या कापडावरून. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. शब्द ऐकून कुणी हळवं व्हायचं कारण नाही, ते कापडच असतं. एक्स्पोर्टमध्ये माया अर्धा इंच. हजारो नग एका मापात कापायचे तर जास्तीचं कापड परवडत नाही, आणि आतून कपडा स्वच्छ दिसतो. या मुली मात्र काखेखालच्या शिवणीत दीड-दोन इंच ठेवायच्या आणि त्यात दोन-तीन शिलाया शेजारी शेजारी मारायच्या. अंग भरलं की अंगाकडची पहिली शिलाई उसवायची. ब्लाऊज अर्धा इंच सैल. पुढे दुसरी. मोठ्या बहिणीचा धाकटीला, लग्नाआधीचा लग्नानंतर, असा एकेक ब्लाऊज दहा-दहा वर्षं चालायचा. मला ते बोजड दिसायचं. मी नियमांचा एक कागद काढून वर्गात वाटला. त्यात सर्वांत वर लिहिलं होतं, 'सर्व शिवणींना माया अर्धा इंच.' अभ्यासक्रमात फक्त 'योग्य माया' एवढंच होतं. अर्धा इंच माझा होता.

दुसऱ्या वर्षीच्या बॅचमध्ये देवळीची एक मुलगी होती. वडील देवळीला बसस्टँडजवळ शर्ट-पँट शिवायचे. ही त्यांच्या मशीनखाली चिंध्या गोळा करत वाढलेली. सकाळच्या बसने यायची आणि मागच्या बाकावर बसायची. हात असा की सरळ रेघ खडूने न आखता कात्रीनेच मारायची. मला तिचं कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी असूयाही. मला तसा हात यायला मुंबईत चार वर्षं लागली होती.

तिला काय हवं होतं ते वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. जिल्ह्यात एका शिवण प्रशिक्षण केंद्रात शिकवणाऱ्या बाईची जागा निघणार होती. अट एकच, पहिला वर्ग. तिच्या वडिलांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू आला होता, दुकान अर्धंच चालायचं. जागा मिळाली तर घर सावरणार होतं. ती हे कधी रडून सांगायची नाही. नुसती म्हणायची, 'पयला वर्ग पाह्यजे मॅडम,' जसं कुणी दुकानात मीटरभर अस्तर मागावं.

सत्रकामात प्रत्येकीने दुसऱ्याच्या मापाचा एक ब्लाऊज शिवायचा होता. तिने माझं माप मागितलं. कापड मी दिलं, जांभळं रेशमी. तिने शिवून आणलेला ब्लाऊज बाहेरून निर्दोष होता. मी तो उलटा केला. आत काखेखाली दोन इंच कापड आणि तीन शिलाया.

'हे काय?' मी विचारलं.

'आमच्याइकडे कापड कापून फेकत नाई मॅडम.'

'नियम काय आहे?'

'अर्धा इंच. पण वय वाढन तसं आंग वाढन ना मॅडम तुमचं. मंग काय नवीन शिवान?'

वर्ग हसला. मी तेव्हा सडपातळ होते आणि त्याचा मला गर्व होता. वीसपैकी अकरा गुण दिले आणि वर सुनावलं, 'हे खेड्यातलं शिवणकाम परीक्षेत चालणार नाही. फायनलला असं केलंस तर पहिला वर्ग विसर.' तिचा चेहरा उतरला. ब्लाऊज मी घरी नेला, कापड माझंच होतं.

वार्षिक प्रात्यक्षिकाची पद्धत अशी होती. प्रत्येकीने आपली मॉडेल आणायची, बहीण किंवा शेजारीण, कुणीही चालेल. तिचं माप महिनाभर आधी घेऊन कॉलेजात जमा करायचं. परीक्षेत त्याच मापाचा ब्लाऊज चार तासांत कापून, शिवून मॉडेलच्या अंगावर दाखवायचा. सगळ्यात जास्त गुण फिटिंगला. देवळीच्या मुलीने वहिनीचं माप दिलं होतं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी ती तास सुरू असताना माझ्या टेबलापाशी आली. 'मॅडम, वहिनीच्या ब्लाऊजले बाजूनं जरासं जास्ती सोडू का?'

'पुन्हा तेच? कशाला?'

तिने मागे वळून वर्गाकडे पाहिलं. तीस मुली कान टवकारून बसल्या होत्या. 'असंच,' ती म्हणाली.

'असंच काही नसतं. माप नीट घेतलंयस ना? मग अर्धा इंच. माप म्हणजे माप.'

'बरं मॅडम.'

बाहेरच्या परीक्षक नागपूरहून आल्या. वयस्क, करारी बाई. कपडा हातात घेतला की आधी उलटा करायच्या आणि आतून पाहायच्या. एप्रिल होता. कूलर नुसता गरम वारा फेकत होता आणि मुली घामाचे हात ओढणीला पुसून शिवत होत्या. देवळीच्या मुलीचं काम अर्धा तास आधी संपलं. वहिनी पडद्यामागे ब्लाऊज घालून बाहेर आली.

वरचे दोन हुक लागले होते. खालचे तीन लागत नव्हते. परीक्षकांनी हलक्या हाताने दोन्ही कडा ओढून पाहिल्या, बोटभर अंतर राहत होतं. वहिनीने मान खाली घातली आणि पदर पोटावर ओढून घेतला. खोलीत सगळ्या बायकाच होत्या. कुणालाही काही सांगावं लागलं नाही. दिवस गेल्याचं पाचवा लागेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, ही रीत मलाही माहीत होती. महिन्यापूर्वी माप घेतलं तेव्हा घरच्यांनाच ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी टेबलापाशी ती तीस मुलींसमोर ते बोलू शकली नव्हती.

'हरकत नाही,' परीक्षक म्हणाल्या. 'वेळ आहे अजून. बाजू उसव आणि थोडं सोड.'

तिने ब्लाऊज उलटा केला. आत अर्धा इंच कापड होतं, नीट, एकसारखं, कडा बारीक टाक्यांनी पक्क्या केलेल्या. माझ्या कागदावर लिहिलं होतं तसं. सोडायला काहीच नव्हतं.

'पोरी, बाजूला काहीच ठेवलं नाहीस? तुला शिवता येतं हे दिसतंय. मग हे कुणी शिकवलं?'

तिने मान वर केली. मी माझ्यासमोरचे कागद सारखे करत होते. ते आधीच सारखे होते.

'माहीच चुकी झाली मॅडम,' ती परीक्षकांना म्हणाली.

परीक्षक माझ्याकडे वळल्या. 'बाकीच्या मुलींना कळतं, हिलाच कसं कळलं नाही?' मी टेबलावरचे बाकीचे ब्लाऊज पाहिले. कुणी दीड इंच ठेवलं होतं, कुणी दोन. माझा नियमांचा कागद मुलींनी नेहमीप्रमाणे वाचून सोडून दिला होता. मला विचारलं होतं एकीनेच, आणि माझं ऐकलंही तिनेच.

'घाई केली असेल,' मी म्हणाले.

मला कायम करायचं की नाही हे जूनमध्ये ज्या समितीत ठरणार होतं, तिच्यात या परीक्षक होत्या. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला हे कारण देत आले. पण समितीची आठवण मला संध्याकाळी घरी गेल्यावर झाली. त्या क्षणी मला नुसती लाज वाटली आणि मी मूग गिळले. तिच्यापेक्षा मला मी प्यारी होते, एवढंच.

चार गुणांनी तिचा पहिला वर्ग हुकला. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. गुणपत्रिका घ्यायला ती आली त्या दिवशी मी रजेवर होते. आजारी नव्हते, रजेवर होते.

पुढच्या वर्षी मी कायम झाले. नियमांच्या कागदावर 'अर्धा इंच' खोडून 'बाजूच्या शिवणीला दोन इंच' असं केलं. का ते कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, मुली दोन इंचच सोडत होत्या.

दहा-बारा वर्षं गेली. नवऱ्याच्या आणखी बदल्या झाल्या, मी वर्ध्यातच राहिले. भाच्याच्या लग्नासाठी जांभळी साडी काढली तेव्हा तिच्या घडीत तो ब्लाऊज निघाला. मी आता सडपातळ नव्हते. ब्लाऊज जेमतेम अंगात चढला आणि देवळीच्या वहिनीसारखेच माझे खालचे तीन हुक लागेनात. उलटा केला. तीनही शिलाया जशाच्या तशा होत्या. मी शिवण शिकवणारी बाई, पहिली शिलाई उसवायला मला पाच मिनिटं लागली नसती. तरी दुसऱ्या दिवशी मी देवळीची बस धरली.

बसस्टँडजवळचं दुकान शोधावं लागलं नाही. वडील गेले होते, मशीन तेच होतं. ती मशीनवर बसली होती, चष्मा लागला होता. उंबऱ्यापाशी वहिनी हुक लावत बसली होती. तिने मला ओळखलं नाही. मुलीने मात्र लगेच ओळखलं. मुलगी कसली, तिशी ओलांडलेली बाई.

'या मॅडम. बसा.' पाणी दिलं. मी पिशवीतून ब्लाऊज काढला. तिने तो हातात घेतल्याबरोबर उलटा केला आणि हसली.

'हाये ना अजून. दोन सोडल्या तं आरामात बसन.'

सुईने ती शिलाई उसवू लागली. मी बसमध्ये अर्धा तास जे घोकलं होतं ते बोलून टाकलं. 'त्या परीक्षेत अर्धा इंच मीच सांगितला होता. मी परीक्षकांना तसं सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.'

ती उसवत राहिली. वहिनीचे हात मात्र थांबले.

'मले मालूम हाये ना मॅडम,' ती म्हणाली. 'तुम्ही काही बोलान म्हणून मी जराशी थांबलती.'

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी क्षमा मागितली. त्यावर तिने मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे मला सांगता येणार नाही. उसवलेला दोरा तिने बोटाला गुंडाळून बाजूला ठेवला, गळ्यातला टेप काढला आणि उठून माझ्यासमोर उभी राहिली.

'हात वर करा.'

मी हात वर केले. टेप छातीभोवती आला तसं मी सवयीने पोट आत ओढलं.

'श्वास रोखू नका मॅडम,' ती म्हणाली. 'माप खोटं येते.'