आत कमी मीठ, बाहेर नेहमीचं

यू-जिए चपला टेबलाखाली काढून बसायची. डबा गरम करायच्या वाफेच्या कपाटात सगळ्यांआधी ठेवायची, काढायची मात्र सगळ्यांनंतर. कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की बोलणं अर्धवट टाकून खाली पळायची. पडद्यावर काहीही निवडलं की पान बंद करून पुन्हा उघडायची. टिकलंय का, ते पाहायला.

तिचं नाव फान यू-चेन. आमच्या तैपेईच्या कचेरीत ती प्रोग्रॅमर. मी साहित्य शिकून आलेली, सूचना लिहिणारी. वयाने मोठी म्हणून सगळे तिला जिए म्हणत, ताई.

एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवण मागवता येईल अशी वेबसाइट आम्ही करत होतो. मॅनेजर त्साओंनी जुन्या निवडीच्या चौकटी नव्या वेष्टनात, म्हणजे भोवती लिहिलेल्या नव्या कोडात, घालून वापरायचं ठरवलं. यू-जिएने तेव्हाच सांगितलं होतं.

"साहेब, चौकट 'कमी मीठ' दाखवते, पण तो बदल वेष्टनाबाहेर येतच नाही. बाहेरचं पान 'नेहमीचं'च धरून बसलंय. स्वयंपाकघराला तेच कळणार."

"पडद्यावर दिसतंय ना नीट?"

"दिसतंय, हीच तर पंचाईत आहे."

यंत्राने नीट चालावं म्हणून त्साओंनी सर्व्हरवर नारळाच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवली. हिरवीच लागते, मुदतीतलीच लागते, पिवळीने यंत्र बिघडतं, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. "आता वागेल शहाण्यासारखं," म्हणाले, आणि साइट सुरू केली.

किडनीचा आजार असलेल्या ल्याव आजी रोज 'कमी मीठ' निवडत राहिल्या आणि खारट जेवत राहिल्या. जिभेची चव गेलेली, त्यामुळे कळलंही नाही. शेवटी पाय सुजले, धाप लागली, इस्पितळात न्यावं लागलं.

बातमी येताच यू-जिए एकेक चौकट दुरुस्त करायला बसली. तिला मध्येच उठवून मीटिंगला बोलावलं. त्साओंच्या हातात ती पुडी होती.

"तारीख उलटून गेलीय. बदलायचं काम कोणाचं होतं?"

मला वाटलं, थट्टा आहे. कोणीच हसलं नाही.

"आजी इस्पितळात आहेत, आणि तुम्ही खाऊची तारीख वाचताय?" यू-जिए म्हणाली.

"जिए, आवाज खाली. चौकटी तूच बसवल्यास ना?"

"नको म्हणत असताना तुम्ही बसवायला लावल्यात!"

त्याच दुपारी तिला काढून टाकलं. एवढा मोठा माणूस एवढ्याशा पुडीआड लपताना मी पहिल्यांदाच पाहिला.

मिठाची चौकट तिने नीट केली होती. साखरेचीही. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी 'मऊ भात' आहे. त्या चौकटीतला बदल बाहेर कळवणारी ओळ अर्धीच लिहून झाली होती. पुढे कोणी हात लावलेला नाही.