नरखेडचा रे आणि मी ठेवलेलं नाव

आमच्या घरी भुताखेतांचा विषय निघाला की आई म्हणायची, "भूत असतं ना बाप्पा, तर बागेच्या राखणीले बसवलं असतं." अशा घरातला मी. नोकरी सरकारी कचेरीत, म्हणजे कागदावर जे लिहिलंय तेच खरं मानण्याची सवय. तेव्हा हे वाचून कोणी घाबरावं अशी माझी अपेक्षा नाही. मी स्वतः घाबरलो नव्हतो. मला राग आला होता... आणि खरं सांगतो, अजून येतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरात, धरमपेठेत दोन खोल्यांत मी आणि आई राहत होतो. कचेरी रामदासपेठेत, गाव नरखेड. गावी थोडी संत्र्याची बाग, ती काका पाहायचे. आणि मला एक नाद होता, ज्याच्यापायी दोन ठिकाणी सोयरीक जुळता जुळता राहिली. अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या छोट्या तबकड्या जमवण्याचा. नावाजलेल्या गायकांच्या नाही हं. ज्या तिकडे कोणी विकत घेतल्या नाहीत, साफ आपटल्या, आणि मग दहा वर्षांनी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणीच्या गावांतली पोरं ज्यांच्यावर बेभान नाचू लागली, त्या. 'नॉर्दर्न सोल' म्हणतात त्याला. लोक विचारायचे, तुले त्यात काय सापडते? मला आमच्या बागेतलं डिझेल इंजिन सापडायचं. तोच ठोका, धक धक धक धक, एकही चुकणार नाही, आणि त्याच्यावर एक माणूस जीव तोडून सांगतोय की ती सोडून गेली.

हा नाद लावला पर्सी अंकलनी. रेल्वेत गार्ड, अँग्लो-इंडियन, अजनीच्या क्वार्टरात एकटे राहायचे. त्यांचा भाचा इंग्लंडात अशाच एका गिरणीच्या गावी होता, तो पार्सलने तबकड्या पाठवायचा. शंभराच्या वर झाल्या होत्या. गार्ड लोक गाडीत नेतात ती काळी पेटी असते ना, तसल्या एका जुन्या पेटीत त्यांनी त्या उभ्या लावून ठेवल्या होत्या. झाकण उघडण्याआधी ते हात धुवायचे. आम्हालाही धुवायला लावायचे.

आम्हाला म्हणजे मला आणि गज्याला. गजानन हा लाऊडस्पीकरवाला. लग्न, बारसं, गणपती, काही असो, गज्याचे भोंगे तिथे. अंकलच्या शेजारच्या लग्नात त्याने ही गाणी ऐकली आणि भोंगे तिथेच ठेवून आत येऊन बसला, तेव्हापासूनचा. त्याचं प्रेम खरं होतं, हे मला कबूल आहे. सुई खोटी होती. एकच सुई तो अख्खा लग्नाचा सीझन वापरायचा. त्या सुईखाली गेलेली तबकडी म्हणजे नांगरलेलं वावर. मी एकदा बोललो तर म्हणे, "भाऊ, सुई जुनी झाली म्हणजे गाण्याची ओळख पटते तिले."

अंकल रिटायर झाले आणि मुलीकडे ऑस्ट्रेलियाला, पर्थला, निघाले. कायमचे. पेटी नेता येत नव्हती, वजन फार. आम्ही दोघंही पेटीकडे पाहत बसायचो. शेवटी अंकलच म्हणाले, "देखो मॅन, झगडा नहीं मंगता. दोघं एकेक तबकडी आणा. जी ओळखायला मला जास्त वेळ लागेल, त्याची पेटी. रविवारी, तीन वाजता."

मला झोप लागेना. पेटी मिळण्याचं सोडा, ती गज्याला मिळेल याचीच धडकी भरली होती. शंभर तबकड्या, आणि ती सुई.

आणि गोकुळपेठेतल्या एका रद्दीवाल्याकडे मला देव पावला. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याखाली एक छोटी तबकडी होती, मधे मोठं भोक, अमेरिकन. दोन्ही बाजूंचं लेबल पांढरं, कोरं. कंपन्या बाजारात आणायच्या आधी अशा नमुन्याच्या काढायच्या. घरी आणून वाजवली. एका बाजूला धावतं गाणं, दुसऱ्या बाजूला संथ. काय आवाज होता हो त्या माणसाचा... माझ्या अंगावर काटा आला. गायक कोण, मला पत्ता नाही.

आईने हातात घेऊन दोन्हीकडून पाहिली. "हे कोरी काहून गा? लिवाचं राहून गेलं काय त्याइचं?"

हे आईचं वाक्य लक्षात ठेवा. साक्षीदार ती एकच.

आता मी तशीच कोरी घेऊन गेलो असतो तर ही कथा नसती. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. अंकलनीच आम्हाला सांगितलं होतं की तिकडचे तबकड्या वाजवणारे फार चलाख असतात. चांगली तबकडी हाती लागली की तिच्या लेबलावर कागद चिकटवतात आणि खोट्या गायकाचं खोटं नाव लिहितात, म्हणजे दुसऱ्याला ती शोधून सापडू नये. मी म्हटलं, आपणही तेच करू. अंकल त्या खोट्या नावाच्या मागे डोकं खाजवत बसतील, तासभर निघून जाईल.

आईकडून मैद्याची खळ शिजवून घेतली. कचेरीच्या खाकी पाकिटातून दोन गोल कापले आणि दोन्ही बाजूंना चिकटवले. आता नाव. काही केल्या सुचेना. शेवटी आपलं गाव घेतलं. एका बाजूला शाईच्या पेनने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'रे नरखेड'. गाण्याचं नाव 'अँबिया'. संत्र्याला आमच्याकडे दोन बहार. उन्हाळ्याआधी फुलतो तो आंबिया, पावसाच्या सुरुवातीला फुलतो तो मृग. बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि दोन्हीपैकी एक बहार धरायचा. तर आंबिया. इंग्रजीत लिहिल्यावर एखाद्या पोरीचं नाव वाटलं मला, बरं वाटलं. दुसऱ्या बाजूच्या कागदावर काहीच लिहिलं नाही. हेही लक्षात ठेवा.

आईने विचारलं, "काय लिवलं?"

"गावाचं नाव ठेवलं."

"लोक गावाले नावं ठेवतात," आई म्हणाली, "तू ठेवलेलं पहिल्यांदा पाहून राहिली."

रविवारी सायकलवर अजनीकडे निघालो. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. समोरून पॅसेंजर गेली, मागच्या डब्यात गार्ड हिरवं निशाण घेऊन उभा होता... आणि मला एकदम आठवलं. अंकलची आयुष्यभराची ड्युटी कोणती? नागपूर-इटारसी लाइन. नरखेडला गाडी थांबते. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत हेच नाव लिहिलेलं, हजारदा वाचलेलं असणार त्यांनी. रेल्वेच्या गार्डाला फसवायला मी स्टेशनाचं नाव नेऊन राहिलो होतो. कागद काढावा म्हटलं तर खळ वाळून दगड झालेली. फाटक उघडलं, मी गेलो.

गज्या आधीच पोचला होता, नवा शर्ट घालून. अंकलनी गार्डचं घड्याळ टेबलावर ठेवलं. आधी गज्याची तबकडी लागली. खर्रर्र... खर्रर्र... आतमध्ये कुठेतरी लांब एक माणूस पाण्यात बुडत असावा असं काहीतरी. अंकल कान लावून बसले. गाणं संपलं, परत लावलं. चष्मा काढला, परत लावलं. चौथ्या वेळेला कुठे एकदम ओरडले, "अरे, ये तो मैंने दिया था तुमको!" अकरा मिनिटं लागली होती. आपलीच दिलेली तबकडी ओळखायला अंकलना अकरा मिनिटं लागावी, ही त्या सुईची करामत.

गज्या लाजून हसला. "बहुत वाजवली ना जी, लोकाइले आवडते."

मग माझी. अंकलनी चष्मा चढवला, लेबल वाचलं. मनात म्हटलं आता विचारतील, नरखेड? स्टेशनवाला?

"ओह, रे," अंकल म्हणाले. "रे नरखेड. फर्स्ट क्लास सिंगर, मॅन. कुठे मिळाला तुला?"

चार सेकंद. तबकडी अजून फिरायला लागली नव्हती.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा म्हातारा थापा मारून राहिलाय. माहीत नाही म्हणायची लाज वाटते याला. पण अंकल आपल्याच नादात. "भाच्याने पत्रात लिहिलं होतं. तिकडे हॉलमध्ये सगळे याच्यावर नाचतात. दुसरी बाजू आणखी चांगली. स्लो आहे. 'मिर्गा'."

"काय?" मी म्हटलं.

"मिर्गा. अँबियाची बहीण असेल, आय डोन्ट नो."

अहो, त्या माणसाने आयुष्यात संत्रं झाडावर लागलेलं गाडीतून पाहिलं असेल तेवढंच. आंबियानंतर मृग, हे त्यांना कोण सांगणार? पण तेव्हा मला ते सुचलंच नाही. मला पेटी दिसत होती, आणि गज्याचा नवा शर्ट. मी उभा राहिलो आणि सगळं ओकलो. म्हटलं, "अंकल, असा कोणी रे नाही. नरखेड माझं गाव आहे. नाव मी लिहिलं. खाली लेबल कोरं आहे, तुम्ही खोटं बोलून राहिले."

अंकलना राग आला नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "निकालो पेपर."

मी रुमाल भिजवून कागदावर धरला. खळ सुटायला वेळ लागला. तिघंही वाकून पाहत होतो. कागद एका बाजूने उचलला गेला, आणि खाली निळी छापील अक्षरं.

गज्या बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागला. "आर... ए... वाय... भाऊ, हे तर तुमचंच नरखेड होय." खाली 'अँबिया'. त्याखाली बारीक अक्षरांत, लिहिणाऱ्याचं नाव, आर. नरखेड.

मी तबकडी उलटवली. दुसरा कागद तर मी कोराच चिकटवला होता. तोही सोलला. खाली छापलेलं, 'मिर्गा'.

अंकलनी तबकडी पुसली आणि लावली. धावतं गाणं सुरू झालं. घरी मी ते दहादा ऐकलं होतं, आणि त्यात तो 'आय विल बी देअर' म्हणतो असं मला ऐकू आलं होतं. आता स्वच्छ ऐकू येत होतं, 'अँबिया, अँबिया'. गज्या डोळे मिटून मान हलवत होता. इतकं चांगलं गाणं आणि इतका वाईट दिवस, दोन्ही मला एकदमच मिळाले.

पेटी गज्याला गेली. नियम म्हणजे नियम. सायकल रिक्षात पेटी मांडीवर घेऊन तो निघाला तेव्हा मला म्हणाला, "तुम्ही कोरीच आणाची होती न भाऊ. कोरी कोण वळखते?"

तेवढंच मला आजवर सहन झालेलं नाही. गायक खरा निघाला, छपाई खरी निघाली, सगळं मान्य. पण मी नाव ठेवलं नसतं तर अंकलना ते वाचता आलं नसतं.

घरी आईला तबकडी दाखवली. ती म्हणाली, "हे ते नव्हं. ते कोरी होती." मी म्हटलं, तुला इंग्रजी वाचता येतं का? "इंग्रजी नाही येत, पण कोरं अन् लिवलेलं समजते मले." मग मी बरीच डोकेफोड केली. शाई कागदातून पाझरली म्हणावं, तर अक्षरं माझी नव्हती, छापील होती. आणि दुसऱ्या बाजूला तर पाझरायला काही नव्हतंच. अंकलनी आधीच गंमत करून ठेवली म्हणावं, तर तबकडी रविवारी घरून निघेपर्यंत माझ्या कपाटात होती. पर्थला पत्र टाकलं, की रे नरखेड कोण, खरं सांगा. उत्तरात एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच, 'नरखेडला विचार, मॅन. गाडी दोन मिनिटं थांबते.'

गेलोही. काकांना गाणं ऐकवलं. ते म्हणाले इंजिनाचा आवाज चांगला आहे.

पुढची काही वर्षं मी परक्या लोकांच्या लग्नांना जात होतो. आमंत्रण नसताना. गज्या हळदीला नाहीतर पंगत बसताना पेटीतली एखादी लावायचा. मी मांडवात पानावर बसून वांग्याची भाजी खात ऐकायचो, आणि दर लग्नाला खरखर वाढलेली असायची. मुलीकडचे समजायचे मुलाकडचा, मुलाकडचे समजायचे मुलीकडचा. गज्या लांबून हात करायचा. एकदा रडू आलं, तर एक बाई म्हणाल्या, "पोरीचे मामा होय काय जी?" त्यातल्याच एका लग्नात माझी सोयरीक जुळली, ही गोष्ट वेगळी.

आणि मग एक दिवस गज्या पेटी घेऊन दारात उभा. आता कॅसेट आल्या होत्या, तबकड्या कोणी मागत नव्हतं. "ठेवा भाऊ. तुमचीच होय ते. मी फक्त वाजवली." मी पेटी आत घेतली. आईने चहा केला, तो त्याने बशीत ओतून प्यायला.

आता रविवारी मी हात धुऊन पेटी उघडतो. सगळ्या तबकड्यांत नुसती खर्रर्र. बायको आतून विचारते, "काय ऐकून राहिले जी? पोळ्या शेकल्यासारखं येऊन राह्यलं." पण मी ओळखतो. कोणत्या खरखरीखाली कोण गातंय, ते मला बरोबर कळतं. अंकलना अकरा मिनिटं लागली होती, मला आता नऊ लागतात.

पेटीच्या तळाशी मात्र एक तबकडी निघाली, जिला गज्याची सुई लागलेलीच नव्हती. चकचकीत. दोन्ही बाजूंचं लेबल पांढरं, कोरं. गज्या म्हणतो, त्याने ती कधी पाहिली नाही. अंकल आता विचारायला नाहीत. आईला दाखवली, तिने दोन्हीकडून पाहिली आणि म्हणाली, "हे होय ते."

बायकोने विचारलं, यावर काहीतरी लिहून का ठेवत नाही. नाहीतर सापडणार कशी?

नाही लिहिलं. शाई आहे, कागद आहे, मैदा घरात आहे. पण यावेळी मी नाव ठेवलेलं नाही.