पाय टेकेपर्यंत

खुर्चीत बसलेला माणूस बसल्या बसल्या खाली जातो, हे पाहायला विचित्रच वाटतं. काल फर्निचरच्या दुकानात तसा मी खाली गेलो.

हार्डवेअरचं दुकान मी एकट्याने उभं केलं. माझी कंबर धरली तेव्हा महिनाभर गल्ल्यावर मुलगा बसला, आणि आता गिऱ्हाइकं त्यालाच शेठ म्हणतात. ते मला सलतं.

“गल्ल्यासाठी खुर्ची हवी. एकाच उंचीची, भक्कम दाखवा,” मी दुकानदाराला म्हणालो.

“बाबा, वरखाली होणारी घेऊ. दोघांनाही बसता येईल.”

“म्हणजे मला उठवायची सोय.”

 वरखाली होणाऱ्या खुर्चीत आधी तो स्वतःच्या उंचीला लावून बसला, मग मला बसवलं. माझे पाय लोंबकळत राहिले. आयुष्यभर माणसं माझ्या मापाने वाकवली. आता खुर्चीशी भांडायचंही जिवावर आलं होतं. मुलाने वाकून दांडा ओढला. मी सावकाश खाली आलो, पाय फरशीला टेकले, कंबरेतली कळ थांबली. तो समोर उभा राहिला तेव्हा केवढा उंच दिसला.

“हीच घे,” मी म्हणालो.

भाव त्याने केला. मी बसूनच ऐकत होतो. बरा करतो.